जिरायती द्राक्षं आणि बाटलीवरचं साल

फ्रान्समधल्या लिओंला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात एका सहकारी मैत्रिणीनं घरी जेवायला बोलावलं. इथं कुणाकडे जेवायला जाताना वाईनची बाटली न्यायची पद्धत आहे, एवढं मला कळलं होतं. म्हणून सुपरमार्केटच्या लांबलचक मांडणीसमोर जाऊन उभी राहिले. निफाड तालुक्यात आमची चार एकर थॉमसन द्राक्षांची बाग आहे, पण आबा माळकरी. घरात द्राक्षांचे क्रेट असायचे, वाईन कधी आली नाही. अर्धा तास घालवून शेवटी एक बाटली उचलली. लेबलवर वाड्याचं रेखाचित्र, बाजूला सोनेरी पदक, खाली वळणदार अक्षरांत ‘ग्रां व्हँ द बोर्दो’, म्हणजे बोर्दो प्रदेशाची थोर वाईन. साल २०१३. किंमत अकरा युरो, तेव्हाच्या मानानं मला जास्तच वाटलेली.

मैत्रिणीच्या नवऱ्यानं बाटली उघडली, सगळ्यांना ओतली आणि पहिल्या घोटानंतर टेबलावर कुणीच त्या वाईनबद्दल काही बोललं नाही. माणसं सभ्य होती. मी स्वतः प्यायले तेव्हा नाकाला कापलेल्या ढोबळ्या मिरचीचा वास आला, जिभेवर आंबटपणा आणि घोट उतरल्यावर तोंडात काहीच उरलं नाही. मला फार लागलं ते. द्राक्षांच्या घरातली मी, आणि द्राक्षांचीच वस्तू आंधळेपणानं उचलून आणली होती.

दुसऱ्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या वाईनच्या दुकानात गेले. इथं अशा दुकानदाराला ‘काविस्त’ म्हणतात. साठीचा माणूस, दुकान एवढंसं, छतापर्यंत बाटल्या. मी त्याला झालेला प्रकार सांगितला. कुणाची वाईन होती, कितीला घेतली, हे त्यानं विचारलंच नाही. त्यानं साल विचारलं. २०१३ म्हटल्यावर मान हलवली आणि म्हणाला, “मादाम, त्या वर्षी बोर्दोत वसंत ऋतू थंड आणि ओला गेला. फुलोऱ्यात पाऊस लागला, मणी नीट धरले नाहीत. उन्हाळ्यात एकदा गारपीट झाली. सप्टेंबरअखेर हवा दमट, कूज धावत सुटली. लोकांनी पिकायच्या आधीच तोडून घेतलं. तुम्हाला जो मिरचीचा वास आला ना, तो न पिकलेल्या कॅबर्ने द्राक्षांचा.”

मी ऐकतच राहिले. फुलोऱ्यात पाऊस, गळ, गारा, कूज, घाईची तोडणी. ही तर आमच्या ओट्यावरची भाषा! आबा आणि शेजारचे काका संध्याकाळी बसून बागेबद्दल बोलतात तेव्हा हेच बोलतात. बाटलीवरच्या ज्या चार आकड्यांना मी उत्पादनाची तारीख समजत होते, ती त्या बागेची अख्ख्या वर्षाची हकिकत होती.

त्या दिवसापासून मी एक वही घातली. सालाला फ्रेंचमध्ये ‘मिलेझिम’ म्हणतात. कायदा एवढाच आहे की बाटलीवर साल छापायचं तर आतली किमान ८५ टक्के द्राक्षं त्या सालच्या तोडणीची हवीत. पण त्या सालाला इथं एवढं वजन का, हे समजायला मला वेळ लागला, कारण माझ्या डोक्यात नाशिकची बाग होती. आपल्याकडे काडीसाठीची खरड छाटणी एप्रिलला, फळासाठीची गोडी छाटणी ऑक्टोबरला, ठिबक चोवीस तास हाताशी आणि तोडणी जानेवारी ते मार्च अशा कोरड्या दिवसांत. अवकाळी आली तर घात होतो, पण एरवी पाणी माणसाच्या हातात असतं. फ्रान्समध्ये ‘आपेलासियों’च्या, म्हणजे ठरावीक गावाचं किंवा प्रदेशाचं नाव लावणाऱ्या वाईनच्या द्राक्षांना वाढीच्या हंगामात पाणी द्यायला सहसा परवानगीच नसते. एप्रिलला डोळे फुटल्यापासून सप्टेंबरच्या तोडणीपर्यंत सगळं आभाळावर. आबांना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते क्षणभर गप्प झाले. “म्हणजे जिरायत?” म्हणाले. “द्राक्षं, अन् जिरायती?”

याच एका शब्दात मला मिलेझिम समजला. जिरायतीला साल असतंच.

वहीत मी गुण लिहिले नाहीत. बाजारात तक्ते मिळतात, अमुक साल अमुक प्रदेश, वीसपैकी इतके. सुरुवातीला मीही तो तक्ता पाकिटात घेऊन फिरत होते. पण त्यानं फसायला होतं. फ्रान्स मोठा देश आहे, आणि एकाच सालाचं तोंड प्रत्येक प्रदेशात वेगळं. २००२ चंच घ्या. त्या सप्टेंबरात ऱ्होन नदीच्या खोऱ्याच्या दक्षिण भागात तोडणीच्या ऐन तोंडावर प्रचंड पाऊस आणि पूर आला, शातोनफ-द्यु-पाप या नामांकित गावाची बरीच द्राक्षं बागेतच सडली. त्याच सप्टेंबरात वर उत्तरेला बर्गंडी प्रदेशात कोरडा वारा सुटला आणि तिथलं साल चांगलं निघालं. ‘२००२ कसं?’ या प्रश्नाला उत्तरच नाही, ‘कुठलं?’ हा प्रश्न आधी. म्हणून मी वहीत प्रदेशवार फक्त हवामान लिहायला लागले. २००३: ऑगस्टमध्ये उष्णतेची लाट, मणी भाजले, आंबटपणा गेला. २०१६, बोर्दो: वसंतात पाऊसच पाऊस, जुलै-ऑगस्ट कोरडे, सप्टेंबरच्या मध्यात एक मोजका पाऊस, मग ऑक्टोबरपर्यंत स्वच्छ आकाश. २०१७, बोर्दो: एप्रिलअखेर दहिवर गोठलं. एवढं लिहिलं की बाटलीत काय असेल याचा अंदाज द्राक्षं पिकवणाऱ्या माणसाला आपोआप येतो.

२०२१ चं साल तर मी डोळ्यांसमोर घडताना पाहिलं. मार्चअखेर हवा अशी तापली की लोक टी-शर्टवर हिंडत होते. वेलींना डोळे फुटले. आणि ७-८ एप्रिलच्या रात्री पारा शून्याच्या खाली गेला, तोही एका प्रदेशात नव्हे, जवळजवळ सगळ्या फ्रान्सभर. तेव्हा टाळेबंदी होती, घराबाहेर लांब जाता येत नव्हतं. बातम्यांमध्ये रात्रीची दृश्यं दाखवत होते: डोंगरउतारावर वेलींच्या ओळी, आणि प्रत्येक ओळीत जमिनीवर पेटवलेले मेणाचे मोठे डबे. हजारो. मध्ये टॉर्च घेऊन धावणारी माणसं. मी तो व्हिडिओ आबांना पाठवला. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत दोन-तीन अंशांवर उतरतो तेव्हा आबाही पहाटे तीनला उठून बागेत शेकोट्या पेटवतात, धूर मांडवाखाली धरून ठेवतात. त्यांचा उलट फोन आला. त्यांनी फक्त विचारलं, “वाचली का काही?” काही वाचली, बरीच गेली. पुढचा उन्हाळाही गार आणि ओला गेला, डावणी रोगानं उरलेल्याचा पिच्छा पुरवला.

आता खरेदीकडे येते, कारण सुरुवातीला माझा प्रश्न अगदी साधा होता: दहा ते पंधरा युरोत चांगली रेड वाईन कशी ओळखायची?

पहिली गोष्ट मला काविस्तनं शिकवली. साल उत्तम असेल तर प्रसिद्धीच्या पायऱ्या उतरून खाली या. साल कठीण असेल तर काळजीवाल्या शेतकऱ्याकडे जा. उत्तम सालात निसर्गानंच काम केलेलं असतं, त्यामुळे मोठ्या नावाला जास्त पैसे मोजायची गरज उरत नाही. बोर्दोत १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी वाईन बनवणाऱ्या घरांची जी प्रतवारी झाली, ती जवळपास तशीच आजही चालते. १९७३ मध्ये मुतों-रोथशिल्ड हे घर वरच्या श्रेणीत गेलं, हा तिच्यातला मोठा म्हणावा असा एकच बदल. त्या यादीतली वरची नावं माझ्या आवाक्याबाहेरची. पण २०१६ किंवा २०१९ सारख्या सालात फ्रोन्साक, कास्तियों, ब्लाय, ओ-मेदोक अशा बाजूच्या भागांतही पिकलेली, नीट वाईन निघते आणि ती माझ्या बजेटात बसते. कठीण सालात याच्या उलट. २०१३ मध्ये ज्यानं कुजलेले मणी हातानं निवडून फेकले, निम्मा माल सोडून दिला, त्याचीच बाटली प्यायच्या लायकीची झाली. स्वस्त बाटलीला ती निवड परवडत नाही. मी पहिल्यांदा नेमकं हेच चुकले होते: वाईट सालची, अनोळखी घरची, मध्यम किमतीची बाटली, वर पदक.

पदकांविषयीही सांगते. स्पर्धा पुष्कळ आहेत आणि पदकंही पुष्कळ. ‘ग्रां व्हँ द बोर्दो’ या शब्दांमागे दर्जाची कायदेशीर हमी नाही. ‘व्हिएय व्हिन्य’, म्हणजे जुन्या वेली, हे शब्दही कुणीही छापू शकतं. किती वर्षांची वेल जुनी, याची व्याख्याच नाही. जड बाटली म्हणजे काच जास्त, एवढंच. मी आता लेबलाच्या पाठीमागची बारीक अक्षरं आधी वाचते. वाईन जिथे पिकली तिथेच बाटलीत भरली का? आणि बुचावरच्या टोपणाचा माथा बघते. अनेक बाटल्यांच्या टोपणावर मारियानची, म्हणजे फ्रेंच प्रजासत्ताकाचं प्रतीक असलेल्या स्त्रीची, छोटी मुद्रा असते, तिच्याजवळ रोमन ‘आर’ अक्षर असेल तर माल शेतकऱ्याचा स्वतःचा. ‘एन’ असेल तर व्यापाऱ्यानं विकत घेऊन भरलेला. व्यापाऱ्याचा माल वाईटच असतो असं मुळीच नाही, पण आपण कुणाकडून घेतोय हे माहीत असलेलं बरं.

दर सप्टेंबरात इथल्या सुपरमार्केटांत वाईनची जत्रा भरते. पत्रक आधी येतं. २०१९ च्या सप्टेंबरात मी ते पत्रक वही शेजारी ठेवून वाचलं, आणि २०१६ ची ओ-मेदोक, बारा युरो नव्वद सेंटची, सहा बाटल्यांची लाकडी पेटी घरी आणली. पहिली बाटली त्याच महिन्यात उघडली. तोंड आवळून आलं. कच्ची सुपारी चावल्यावर गालाची आतली बाजू जशी खरवडल्यासारखी होते, तसं. मला वाटलं पुन्हा चुकले. धावत काविस्तकडे गेले. तो म्हणाला, “तुमची वाईन चांगली आहे. तुम्ही आंबा कच्चा कापलात.” (आंबा माझा शब्द; तो नासपती म्हणाला होता.) साल आणि थांबायची वर्षं यांचं नातं मला तेव्हा कळलं. जाड सालीची, उन्हात पिकलेली द्राक्षं भरपूर तुरटपणा घेऊन येतात, आणि तो तुरटपणा विरघळायला वर्षं जावी लागतात. म्हणजे थोर सालची वाईन लगेच पिण्यात पैसा वाया. आज रात्री जेवणाबरोबर प्यायची असेल तर तक्त्यात तळाला असलेलं हलकं सालच बरेचदा जास्त आनंद देतं, आणि स्वस्तही पडतं.

पेटीतली दुसरी बाटली २०२१ ला उघडली, तुरटपणा अजून पुढे उभा होता पण मागून काळं जांभूळ डोकावत होतं. तिसरी २०२३ ला. तेव्हा मात्र पेला नाकाशी नेला आणि खाली ठेववेना. जांभूळ, ओली माती, देवघरातल्या लाकडी पेटीसारखा वास. आणि जिभेवर जे पूर्वी खरवडत होतं ते आता मखमलीसारखं पसरलं. तीच वाईन, तीच पेटी, आमच्या तळघराच्या अंधारात चार वर्षं आडवी पडलेली. मी त्या रात्री वहीत अर्धं पान लिहिलं.

मधल्या काळात, २०२२ च्या सप्टेंबरात, आबा आणि आई आले. लिओंमध्ये म्हण आहे की या शहराला तीन नद्या: ऱ्होन, सोन आणि बोजोले. तिसरी नदी म्हणजे शहराच्या उत्तरेला लागूनच पिकणारी वाईन. बेलव्हिलपर्यंत रेल्वेनं गेलो, पुढे बोजोलेतल्या मॉर्गोंला टॅक्सी. एका शेतकरी बाईंची वेळ मी आधी मागून घेतली होती. तोडणी त्या वर्षी ऑगस्टातच सुरू झालेली, इतका उन्हाळा कडक आणि कोरडा होता. आम्ही गेलो तेव्हा शेवटचे दोन तुकडे उरले होते.

आबा बागेच्या कडेला थांबले आणि म्हणाले, “मांडव कुठंय?” मांडव नव्हता. तारही नव्हती. गुडघ्याच्या वर थोड्या उंचीची झुडपं, खोड पिळवटलेलं, वर चार-पाच हात फुटलेले. वेलींतलं अंतर इतकं कमी की चालताना पाय आडवा पडेल. बाईंनी सांगितलं, जुन्या बागांत हेक्टरी दहा हजारांच्या आसपास झाडं. आमच्याकडे एकरी हजाराच्या आतबाहेर. आबांनी मनात हिशेब केला आणि विचारलं, “वय किती?” सत्तर वर्षं. आबांनी मला पुन्हा विचारायला लावलं. आपल्याकडे बाग बारा-पंधरा वर्षांत म्हातारी होते, काढून नवी लावावी लागते. मग ते खाली बसले आणि खोडाशी माती बाजूला करून कलमाची गाठ शोधायला लागले. सापडली. बाईंच्या डोळ्यांत एकदम ओळख उतरली. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा नावाच्या किडीनं फ्रान्सच्या बागा मुळापासून खाल्ल्या, तेव्हापासून इथली वेल अमेरिकन खुंटावर कलम होते. आमची थॉमसन डॉगरिज खुंटावर, तोही मूळचा अमेरिकन. आबा म्हणाले, “तिला सांग, आपला खुंट पाहुण्याचाच.” मी सांगितलं. बाई हसल्या आणि त्यांनी आबांच्या हातात गामेचा, म्हणजे इथल्या काळ्या द्राक्षाचा, एक घड ठेवला.

आबांनी एक मणी तोंडात टाकला. साल दातांनी सोलली, बिया चावल्या. करकर आवाज आला. बी तपकिरी असून सहज फुटली म्हणजे द्राक्ष आतून पिकलं, हे बाईही तसंच बघतात. “बावीस-तेवीस ब्रिक्स,” आबा म्हणाले. बाईंनी खिशातून ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर काढला, एक मणी पिळला, आणि आभाळाकडे धरून माझ्या हाती दिला. तेवीस. म्हणजे वाईन झाल्यावर साडेतेरा टक्क्यांच्या जवळपास अल्कोहोल. दोन माणसं एकमेकांची भाषा न जाणता एका काचेतून बघत होती, आणि मला दुभाषी म्हणून काही कामच उरलं नव्हतं.

तळघरात बाईंनी २०२० आणि २०२१ अशा दोन सालांची मॉर्गों ओतली. एकच उतार, त्याच वेली. आबांनी गळ्यातल्या माळेला हात लावला, बाईंना नमस्कार करून नाही म्हणाले. पण पेले हातात घेतले. वास घेतला, आधी एक, मग दुसरा, मग परत पहिला. “हे उन्हाचं साल,” २०२० कडे बोट. “अन् हे पावसाचं. ह्याच्यात हिरवळ आहे, पण गोड हिरवळ.” मी चाखून बघितलं. २०२० गडद, शिजवलेल्या चेरीसारखी, जड. २०२१ पातळ, लाल मनुकांची, किंचित पानांचा वास, आणि विलक्षण ताजी. बाईंनी सांगितलं की २०२१ मध्ये त्यांचा निम्म्याहून जास्त माल दहिवरात गेला, आणि तरी आता दोन्हींतली तीच त्यांना जास्त आवडते. ती तेरा युरोला होती, २०२० पंधराला. दोन्ही तीन-तीन घेतल्या.

बोजोले म्हटलं की लोकांना नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी येणारी कोवळी ‘नूव्हो’ आठवते, आणि तिच्यामुळे सगळा प्रदेशच हलका समजला जातो. माझ्या मते फ्रान्समधल्या रेड वाईनमध्ये पैशाला खरं मोल देणारी जागा हीच. इथली दहा ठिकाणं, मॉर्गों, फ्लरी, मुलँ-आ-व्हाँ, जुलिएना, रेनिए वगैरे, आपापल्या नावानं वाईन विकतात, लेबलवर ‘बोजोले’ शब्द बहुधा नसतोही. शेजारच्या बर्गंडीत जेवढ्यात सुरुवात होते तेवढ्यात इथं गावातली सर्वोत्तम बाटली मिळते. १३९५ मध्ये बर्गंडीच्या ड्यूकनं गामे वेल ‘वाईट’ ठरवून उपटायला लावली होती. त्या अपमानाची किंमत ती वेल अजून भोगते, आणि फायदा आपल्यासारख्यांना होतो.

दुसरी जागा ऱ्होनची दक्षिण बाजू. तिथं पायऱ्या स्पष्ट आहेत. तळाला कोत द्यु ऱ्होन, वर ‘व्हिलाज’, त्याच्या वर व्हिलाजसोबत गावाचं नाव, आणि माथ्यावर स्वतःच्या नावाची गावं. युक्ती अशी की नुकतंच वर चढलेलं किंवा चढायच्या बेतात असलेलं गाव धरायचं. केरानला स्वतंत्र दर्जा २०१६ मध्ये मिळाला, रास्तोच्या कोरड्या रेड वाईनला २०१० मध्ये. जिगोंदास १९७१ पासून आहे, म्हणून महाग. शातोनफ तर १९३६ पासून. माती आणि वेली जवळजवळ त्याच, ग्रनाश, सिरा, मूर्व्हेद्र. किंमत निम्मी किंवा त्याहून कमी. त्या भागात एका गावच्या सहकारी सोसायटीत आम्ही गेलो होतो तेव्हा गावकरी प्लास्टिकचे कॅन घेऊन रांगेत उभे होते आणि पेट्रोल पंपासारख्या नळीतून लिटरच्या हिशेबानं वाईन भरून घेत होते, काट्यावर आकडा फिरत होता. ती रोजच्या जेवणाची वाईन. आईला ते दृश्य इतकं आवडलं की तिनं बाकी कशाहीपेक्षा त्याचेच फोटो जास्त काढले.

घरी आपलं जेवण असतं त्या दिवशी मला सालाचा उपयोग सगळ्यात जास्त होतो. काळ्या मसाल्याच्या रश्शाबरोबर २०२२ ची साडेचौदा-पंधरा टक्क्यांची दक्षिण ऱ्होनची रेड प्यायली की तिखट दुप्पट होतं आणि तुरटपणा कडू लागतो. त्याच रश्शाला २०२१ ची साडेबारा टक्क्यांची गामे, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून, सुरेख लागते. तक्त्यात २०२२ ला गुण जास्त आहेत.

एक बाटली परत करावी लागली तेही सांगायला हवं. उघडल्यावर ओल्या पुठ्ठ्याचा, बंद पडक्या खोलीचा वास. हा बुचाचा दोष, सालाचा किंवा शेतकऱ्याचा नव्हे, आणि कितीही महाग बाटलीत निघू शकतो. दुकानदारानं आधी टाळाटाळ केली, मग तिथंच वास घेतला आणि बदलून दिली. तेव्हापासून पावती आठवडाभर ठेवते. निम्मी ओतून झालेली बाटली परत नेऊ नये, पहिल्या वासालाच बुच लावून बाजूला ठेवावी.

किमतींविषयी मनात एक काटा आहे. फ्रान्समध्ये वाईनच्या बाटलीवर अबकारी कर अवघा तीनेक सेंट. भारतात आयात वाईनवर वर्षानुवर्षं दीडशे टक्के सीमाशुल्क राहिलं, वर राज्याचे कर. त्यामुळे इथली आठ युरोची बाटली पुण्यात कुणी मला दाखवतं तेव्हा किंमत ऐकून जीव कळवळतो. पण इथंही स्वस्ताईचा दुसरा चेहरा आहे. सुपरमार्केटात अडीच-तीन युरोला बोर्दोची बाटली दिसते. त्यात बाटली, बुच, लेबल, वाहतूक, दुकानदाराचा नफा काढला तर शेतकऱ्याच्या हातात काय राहिलं? २०२३ पासून बोर्दोत सरकारी मदत घेऊन हजारो हेक्टर वेली उपटल्या गेल्या आहेत, कारण माल खपत नाही आणि भाव नाही. दर न मिळाल्यावर बागेवर कुऱ्हाड चालवणारा माणूस मी आमच्या शिवारात पाहिलाय. त्या रात्री तो घरी जेवला नव्हता. म्हणून मी अडीच युरोची बाटली घेत नाही. माझ्या हिशेबात परवडणारी वाईन म्हणजे आठ ते पंधरा युरोची, ज्यात शेतकऱ्याचं नाव लिहिलेलं आहे आणि ज्याच्या सालाला मी ओळखते.

गेल्या महिन्यात बोजोलेच्या त्या बाईंकडे परत गेले, २०२४ घ्यायला. ते साल सतत पावसाचं. डावणीमुळे फवारण्यांना अंत नव्हता, माल कमी. त्यांनी ओतली, मी चाखली: हलकी, फिकट लाल, बारा टक्के, डाळिंबाच्या दाण्यांसारखी. लगेच प्यायची. सहा घेतल्या. बाईंनी आबांची चौकशी केली. त्यांना काय सांगू? २०२५ च्या मे महिन्यात आमच्याकडे असा पाऊस झाला की काडीत घडच तयार झाले नाहीत, आणि गोडी छाटणीनंतर फुटी आल्या त्या नुसत्या पानांच्या. मी तेवढंच सांगितलं. त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग आत गेल्या आणि २०२१ ची एक बाटली कागदात गुंडाळून आणली, पैसे घेतले नाहीत. म्हणाल्या, तुमच्या वडिलांना वास घ्यायला न्या.

ती आता माझ्या बॅगेत कपड्यांमध्ये ठेवली आहे. जानेवारीत निफाडला जातेय. २०१६ च्या पेटीतल्या तीन अजून तळघरात आडव्या आहेत.